दिवा घेतलेली स्त्री

सावंतवाडी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालन पाहून आल्यावर तू कळवलेस की, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे रविवर्म्याचे तैलचित्र तुला सर्वांत आवडले. चित्र आवडले याचा आनंद आहे. परंतु ते रविवर्म्याचे नाही आणि तैलचित्रही नाही. त्याच दालनात रविवर्म्याची अनेक चित्रे असल्यामुळे हा गैरसमज पूर्वापार चालत आला आहे. रविवर्मा 1906 साली वारला, आणि हे चित्र 1945-46 च्या सुमाराचे आहे. ते जलरंगात रंगवणारे सावळाराम लक्ष्मण हळदणकर 1882 साली आपल्या सावंतवाडीत जन्मले, मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले आणि 1908 मध्ये त्यांनी मुंबईतच स्वतःची चित्रशाळा काढली. या गावच्या माणसाने तरी ही चूक करू नये, एवढे मी हक्काने म्हणतो.

चित्रासाठी त्यांच्यासमोर त्यांचीच मुलगी गीता उभी होती. तिच्या चेहऱ्याचे कौतुक सगळेच करतात. मला विचारशील तर या चित्राची खरी करामत बोटांत आहे. ज्योतीला वारा लागू नये म्हणून तिने आडवा धरलेला हात पाहा: उजेड बोटांच्या मांसातून आरपार येतो, म्हणून त्यांच्या कडा लालसर पेटलेल्या दिसतात. विजेरीवर तळहात ठेवलास तर हाच रंग तुला दिसेल, कारण रक्तातून तांबडा प्रकाशच तेवढा पुढे सरकतो. हे निरीक्षण साठी ओलांडलेल्या चित्रकाराने कागदावर उतरवले, तेही अशा माध्यमात की जिथे तैलरंगाप्रमाणे चुकलेला भाग खरवडून पुन्हा रंगवण्याची सोय जवळजवळ नसते.

पारदर्शक जलरंगात उजेड वरून चढवता येत नाही. सर्वांत उजळ जागा म्हणजे कोरा किंवा अगदी पातळ रंग दिलेला कागद, आणि ती कुठे राखायची हे रंगाचा पहिला हात देण्यापूर्वीच ठरवावे लागते. पुढे एकावर एक पातळ थर वाळवत सभोवतालचा काळोख गडद करत न्यायचा. तो जितका नेमका जमतो तितकी ज्योत तेजाळते. चित्रातल्या साध्या भिंतीवरचा अंधार म्हणूनच मला चेहऱ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. दालनात हे चित्र मुद्दाम अंधाऱ्या खोलीत ठेवतात. त्याने प्रेक्षक थक्क होतात खरे, पण माझ्या मते या चित्राला अशा मदतीची गरज नाही.

आता तू पाठवलेल्या कंदिलाच्या चित्राविषयी. काचेच्या मध्यभागी तू चायनीज व्हाइटचा, म्हणजे अपारदर्शक पांढऱ्या रंगाचा, जाड ठिपका दिला आहेस, त्यामुळे तिथे उजेडाऐवजी चुना फासल्यासारखे दिसते. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला हे खपून गेले असते. ती ट्यूब पेटीतून बाजूला काढ, कागद थोडा जाड घे, आणि कंदिलामागची भिंत आधी तीन-चार पातळ हातांत रंगवून पाहा. मग पुन्हा कलादालनात जाशील तेव्हा फक्त बोटांच्या कडा आणि त्यांच्या लगतचा काळोख पाहा, आणि घरी आल्यावर नवा कंदील रंगवून मला पाठव.

तुझे,
बाबा