काल रात्रीची ती रेघ

प्रिय अन्या,

आठ महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही. चूक माझीच, भेटलास की मनसोक्त भांड. गुडघा बरा आहे. पण काल रात्री जे पाहिलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आपला मेघकोष, अदृश्य कणांच्या वाटा दाखवणारा, चालला रे! काचेची पेटी, वर अल्कोहोलने भिजवलेलं फेल्ट, खाली कोरडा बर्फ, बाजूने टॉर्च. वीस मिनिटं नुसतं धुकं. मग तळाशी केसाएवढी बारीक, सरळसोट पांढरी रेघ उमटली आणि बघता बघता विरली. मी अंधारात मोठ्याने तुझं नाव घेतलं.

तेव्हापासून एकच घोर लागलाय. ती रेघ खरंच वरच्या हवेतून आलेल्या म्युऑनची, त्या इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाची, की खोलीतल्याच किरणोत्साराची? जाड, आखूड रेघा हवेतल्या रेडॉन वायूच्या अल्फा कणांच्या, त्या लगेच ओळखू येतात. वेड्यावाकड्या असतात त्या इलेक्ट्रॉनच्या. पण ही? लांब होती, कुठे वळली नाही, म्हणून म्युऑन म्हणतोय. शपथ मात्र घेववत नाही.

व्हिक्टर हेस या भौतिकशास्त्रज्ञालाही असाच प्रश्न पडला होता बघ. हवेतलं आयनीकरण, म्हणजे तिच्या रेणूंना विद्युतभार मिळणं, जमिनीतल्या किरणोत्सारामुळे होतं, असं बहुतेक सगळे धरून चालले होते. तो ७ ऑगस्ट १९१२ला बलूनमधून ५,३०० मीटरच्या आसपास गेला, तर तिथे ते जमिनीपेक्षा कितीतरी जास्त! आणि हो, आपलं ते भांडण. 'वरून येणारे हे वैश्विक किरण सूर्यातूनच येतात' म्हणत मी आठवडाभर अबोला धरला होता. हेस त्याच वर्षी एप्रिलमध्ये सूर्यग्रहण चालू असताना वर गेला होता, आकडे घटले नाहीत. तू जिंकलास! नावाला 'वैश्विक किरण', असतात कण, त्यातही बहुतेक प्रोटॉन, हेही तुझंच खरं.

असा प्रोटॉन वरच्या हवेवर आदळतो आणि त्या पडझडीत साधारण १५ किलोमीटरवर म्युऑन जन्मतो. आयुष्य सरासरी २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने धावला तरी साडेसहाशे मीटरांत संपायला हवा. पण त्या वेगात त्याचं घड्याळ आपल्या हिशेबाने मंदावतं, म्हणून तो जमिनीपर्यंत पोचतो. हे गणित आपण एकाच वहीत सोडवलं होतं, आठवतं?

चिऊची परीक्षा झाली का? नवं घर मानवलं ना? वहिनींना नमस्कार.

कण गेला की टिकटिकणारा तुझा गायगर काउंटर घेऊन ये. माझा पेटीच्या वर, तुझा खाली, तिरक्या रेषेत लावू. दोन्ही एकाच क्षणी टिकटिकले आणि मधे तशीच रेघ दिसली, असं पुन्हा पुन्हा झालं, तर माझी शंका फिटेल. कोरडा बर्फ एक दिवससुद्धा नीट टिकत नाही, तेव्हा तारीख आधी कळव.

तुझा,
बाळ्या