सुरीच्या मुठीला तेल कोणते?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत पावसाळ्यातील स्वयंपाकघराच्या निगेविषयी आलेल्या लेखात सुरीच्या लाकडी मुठीला आणि विळीच्या पाटाला घरातले कोणतेही खाद्यतेल चोळावे, असे सुचवले आहे. यातील ‘कोणतेही’ला माझी हरकत आहे.

जवस, अक्रोड आणि टंग (एका चिनी झाडाच्या बिया) यांची तेले हवेतील ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतात व लाकडाच्या छिद्रांत थर धरून राहतात. शेंगदाणा, ऑलिव्ह किंवा खोबरेल तेल तसे सुकत नाही. रसायनशास्त्रात हा गुण आयोडीन मूल्यावरून, म्हणजे शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते यावरून, जोखतात; मूल्य जितके जास्त तितके तेल चांगले सुकते. जवस तेलाचे मूल्य सहसा 170 च्या आसपास किंवा त्याहून अधिक असते, खोबरेल तेलाचे जेमतेम 10 च्या घरात. न सुकलेल्या तेलावर पीठ व धूळ बसून मूठ चिकट होते, आणि गोडेतेल तर मुंबईच्या उकाड्यात खवटही होते. खोबरेल तेल संपृक्त असल्यामुळे खवट व्हायला वेळ लागतो हे मान्य, पण तेलकट राहिलेली मूठ धरून सुरमई कापायला बसण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

जवस तेल घेतानाही बाटलीवरचा मजकूर वाचावा. रंगाच्या दुकानात मिळणारे ‘डबल बॉइल्ड’ तेल दारे-खिडक्यांसाठी असते. ते लवकर सुकावे म्हणून त्यात बहुधा कोबाल्ट किंवा मँगनीजची संयुगे घातलेली असतात, त्यामुळे स्वयंपाकघरात ते नको. खाण्याचे, लाकडी घाण्याचे जवस तेल अगदी पातळ चोळून जादाचे लगेच पुसून घ्यावे. ते सुकायला कित्येक दिवस लागतात, आणि दमट हवेत त्याहूनही अधिक, म्हणून हे काम मे महिन्यातच उरकलेले बरे. एवढा धीर नसणाऱ्यांनी औषधाच्या दुकानातून, सुगंध न घातलेले, लिक्विड पॅराफिन (एक शुद्ध खनिज तेल) आणावे. ते सुकत नाही, तसेच खवटही होत नाही. फक्त पुन्हा पुन्हा लावावे लागते. त्यात थोडे मधमाश्यांचे मेण वितळवून मिसळले तर ते अधिक टिकते आणि मूठही कमी निसरते. अर्थात मूठ आधी पूर्ण वाळलेली हवी. रात्रभर बेसिनमध्ये भिजत पडणाऱ्या सुरीला कोणतेही तेल वाचवू शकणार नाही.

लेखात जवस तेलाचा उल्लेख पुढे कधी आलाच, तर एक सूचना त्यासोबत अवश्य छापावी. हे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई