ट्रॅक मोजू नकोस, भोकं मोज

म्हार्दोळ, फोंडा
१२ जुलै, रात्री साडेदहा

प्रिय बाब्या,

तुझा साडेचार मिनिटांचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पहिल्यांदा तू काय म्हणतोस ते कळावं म्हणून, दुसऱ्यांदा मागे तुझे बाबा आरती गुणगुणत होते ती ऐकायला, आणि तिसऱ्यांदा उत्तर कुठून सुरू करावं ते सुचेना म्हणून. शेवटी कागद घेतला. हे सगळं फोनवर टाइप केलं तर अंगठा सुजेल, आणि बोलायला बसलो तर वहिनी तुझा फोन काढून घेतील.

तर पंचवीस हजारांच्या आत घरी गाणी रेकॉर्ड करायला मल्टिट्रॅक रेकॉर्डर कुठला, आठ ट्रॅकचा की सोळाचा? गेल्या वर्षी गणेशचवथीच्या महिनाभर आधी मीही हेच विचारत फिरत होतो. मग कुणाचं उत्तर नीट न ऐकता आठ ट्रॅकचं एक मशीन घेऊन आलो. त्याचं नाव लिहीत नाही, कारण दोष मशीनचा नव्हताच, माझ्या वाचनाचा होता. खोक्यावर मोठ्ठा आठ छापलेला. मी मनात जुळवणी केली: पेटी, तबला, डग्गा, टाळ, मुख्य गायक, मागे म्हणणारे तिघे. बरोब्बर आठ. रविवारी संध्याकाळी भजनी मंडळ घरी बोलावलं, माईक उसने आणले, आईने भजी तळायला घेतली. मशीन पालथं करून बघतो तर माईक लावायला भोकं दोनच! मी ते मशीन चारी बाजूंनी फिरवून बघतोय, मंडळी माझ्याकडे बघतायत. आमचा तबलजी शांतपणे म्हणाला, "उरलेले सहा ट्रॅक भज्यांसाठी असतील."

म्हणून तुला पहिल्यांदा हेच सांगतो. खोक्यावरचा ट्रॅकचा आकडा वाचू नकोस, मागची भोकं मोज. आठ ट्रॅक म्हणजे आठ थर. एकावर एक चढवून शेवटी ते आठही एकत्र वाजवता येतात. पण एका वेळी किती आवाज वेगवेगळे आत घेता येतात हा आकडा निराळा असतो, आणि तो बारीक अक्षरात लिहिलेला असतो. टास्कॅमचा डीपी-००८ईएक्स आणि झूमचा आर८, दोन्ही आठ ट्रॅकचे, दोन्हींत एका वेळी रेकॉर्ड होणारे ट्रॅक दोनच. झूमचा आर१६ सोळा ट्रॅकचा, तरी एका वेळी आठ. टास्कॅमचा डीपी-२४एसडी चोवीस ट्रॅकचा, त्यातही एका वेळी आठच. म्हणजे सोळा की चोवीस या वादात तू पंधरवडा घालवलास तरी घरात माणसं बसणार तेवढीच.

हे थरांचं तंत्र घरोघरी पोचायला लागलं १९७९ साली, टास्कॅमच्या पोर्टास्टुडिओ १४४ मधून. साधी कॅसेट, पण फीत दुप्पट वेगाने पळायची आणि तिच्या पूर्ण रुंदीवर चार ट्रॅक बसवलेले, त्यामुळे कॅसेट उलटून दुसरी बाजू वापरायची सोय नाही. चार ट्रॅक भरले की लोक तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुन्हा मोकळे करायचे. दर वेळी फितीची खरखर वाढायची. आजच्या कार्डवाल्या मशीनमध्ये खरखर वाढत नाही, पण मेख तीच राहते: एकदा टाळ आणि कोरस एका ट्रॅकवर उतरवून मूळ पुसलेस की "टाळ जरा कमी हवा होता" असं नंतर कितीही म्हणालास तरी तो कमी होत नाही. आमटीत पडलेलं मीठ समज.

आता तुझ्या दोन गरजा. मेसेजमध्ये तू त्या एकाच वाक्यात कोंबल्यास, मी सोडवून घेतो. एक, तू स्वतः चाली लावलेले अभंग. दोन, बाबांच्या घुमट आरत्या, म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं ताणलेल्या घुमट वाद्यावर म्हणायच्या. या दोघींना एकच औषध लागू पडत नाही.

अभंगांना दोन भोकांचं मशीन पुरतं, आणि ते मी अनुभवाने सांगतो. सुरुवातीला मी क्लिक, म्हणजे एकाच लयीची टिकटिक, लावून वाजवायला गेलो आणि तोंडावर आपटलो. आपल्या भजनी ठेक्यात लय चढत जाते, शेवटी दुगुन, म्हणजे दुप्पट लय, येते. ठोकळ्यासारखी टिकटिक कानात असली की सगळं भजन शाळेच्या कवायतीसारखं होतं. मग सुचलं की भोकं दोन आहेत ना, तर एकात पेटी, एकात तबला, आणि आम्ही दोघं समोरासमोर बसून एकाच वेळी वाजवायचं. कुठे चढायचं, कुठे थांबायचं ते डोळ्यांनी ठरतं. तो पाया पक्का झाला की हेडफोन लावून गळा, मग टाळ, मग कोरस. कोरसला आम्ही तिघंच होतो, दोनदा म्हणून सहा झालो. हेडफोन मात्र कान पूर्ण झाकणारे घे. उघडे घेतलेस तर त्यातला तबला गळ्याच्या माईकमध्ये शिरतो आणि मग काढता येत नाही.

सूर आधी ठरव. पेटी काही तुझ्यासाठी हलणार नाही, तिच्या पट्ट्या जिथे लागल्या आहेत तिथेच राहतात, म्हणून तबला आणि तानपुऱ्याचं ॲप दोन्ही पेटीला मिळवून घे. मी एकदा ॲप आपल्या मापाने लावलं आणि आठ दिवसांनी गळा चढवताना कळलं की पेटी किंचित वर आहे. पावसाळ्यात तर तबल्याची पुडी संध्याकाळपर्यंत उतरते. एका बैठकीत पाया संपव, उद्यावर ठेवू नकोस.

मशीन कुठलं, तर वर म्हटलेल्या दोन लहानांपैकी एक. दोन्ही चार पेन्सिल सेलवर चालतात, आणि गोव्यात जून ते सप्टेंबर ही सोय नव्हे, गरज आहे. माझा सर्वांत चांगला टेक लाईट गेलेली असतानाचा आहे: पंखा बंद, फ्रिज बंद, शेजारचा टीव्हीही बंद. आर८ लॅपटॉपला जोडला की त्याचा ऑडिओ इंटरफेसही होतो, म्हणजे माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये पोचवणारी डबी, आणि तो २४ बिटांत, म्हणजे जास्त बारकाईने, रेकॉर्ड करतो. डीपी १६ बिटांतच, पण त्याची बटणं आणि गोल खुंट्या इतक्या सरळ आहेत की बाबासुद्धा चालवतील. आर८ मध्ये ड्रम मशीन वगैरे पुष्कळ आहे, आपल्या ठेक्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. मला विचारशील तर तुझ्यासाठी आर८, कारण उद्या तू लॅपटॉपकडे वळणार हे मी लिहून देतो.

मग आजच लॅपटॉप का नको? तुझी मेहुणी तेच म्हणते, आणि पैशाच्या हिशेबात तिचं बरोबर आहे. फोकसराइटच्या स्कार्लेट टू-आय-टूसारखा दोन इनपुटांचा इंटरफेस घ्यायचा, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर साठ दिवस वापरून बघता येतो आणि नंतरही स्वस्त पडतो. ट्रॅक हवे तेवढे. अडचण एकच, तू. दिवसभर शाळेचे निकाल त्याच लॅपटॉपवर भरणार आणि रात्री त्याच्यासमोर गायला बसणार? मी तसं करून पाहिलं. अर्धा तास आवाज उशिरा का ऐकू येतो ते शोधण्यात गेला, पुढचा अर्धा अपडेट होण्यात, मग जांभई आली. रेकॉर्डर चालू केला की समोर फक्त लाल बटण असतं.

आता आरत्या. इथे मात्र थर चढवायच्या भानगडीत पडू नकोस. घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल), कासाळें (झांज) आणि म्हणणारे एकमेकांच्या श्वासावर चालतात. एकेकाला वेगळं बसवून हेडफोनवर वाजवायला लावलंस तर बाबा दुसऱ्या कडव्याला उठून जातील, आणि त्यांचं चुकणार नाही. आठ भोकांचा आर१६ जुन्या बाजारात हाताला लागला तर मोह होईल, पण ध्यानात ठेव: कंडेन्सर माईकला लागणारं ४८ व्होल्टचं फँटम पॉवर त्यात पाचव्या आणि सहाव्या इनपुटलाच मिळतं. शिवाय आठ माईक, आठ वायरी, आठ स्टँड. मशीनपेक्षा त्यांचाच खर्च जास्त.

मी काय करीन सांगू? लहान मशीनला स्वतःचे दोन माईक असतात, तेवढ्यावर भागवीन आणि माणसं हलवीन. मशीन बाबांच्या समोर तीन-चार हातांवर, छातीच्या उंचीला. घुमट दोन्ही बाजूंना. कासाळें पार मागे, दारापाशी, कारण तो चिरका आवाज सगळ्यांना गिळतो. कोरस मध्ये. एक आरती म्हणायची, ऐकायची, ज्याचा आवाज वर येतो त्याला एक पाऊल मागे सरकवायचं, पुन्हा म्हणायची. तिसऱ्या खेपेला जमतं. आपल्या पलीकडच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचं गाणं १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलं ना, त्या मूळ तबकडीच्या वेळी कुठले ट्रॅक आणि कुठलं मिक्सिंग! गायल्या, ते उमटलं.

पातळी मात्र खाली ठेव. घुमटाची पहिली थाप नेहमी दगा देते. तालमीत माणूस हलक्या हाताने वाजवतो आणि लाल दिवा लागला की दुप्पट जोराने. काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील असं बघ, आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. आणि घुमट कुणाकडचं आणणार ते आताच बघून ठेव. घोरपडीच्या कातड्यावर बंदी असल्यामुळे आता बकरीचं लावतात, त्याचा आवाज बाबांना पसंत नाही हे मला माहीत आहे. २०१९ साली सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

वेळ रात्रीची धर. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा, मग मासेवालीचा, संध्याकाळी पुन्हा पोदेर. माझ्या एका अभंगात "विठ्ठल" म्हटल्यावर लगेच पों पों आहे. घरच्यांना तेवढाच भाग आवडतो. कौलांवर पाऊस वाजायला लागला की सरळ थांब, तो कुठल्याच बटणाने जात नाही. माईक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव, आमच्याकडे गेल्या श्रावणात एकाच्या जाळीवर बुरशी चढली.

कार्डाचं एवढंच: २४ बिटांना एका ट्रॅकचं मिनिट साधारण आठ एमबी खातं. सहा मिनिटांचं आठ ट्रॅकी गाणं चारशेच्या आत बसतं, म्हणजे बत्तीस जीबीच्या कार्डात ऐंशीच्या आसपास गाणी. जागा पुरून उरते, म्हणूनच आपण कॉपी काढायला विसरतो. बाबांचा आवाज ज्या रात्री कार्डात येईल त्याच रात्री तो दुसरीकडे उतरवून ठेव. सकाळी नाही, त्याच रात्री.

आणि पंचवीस हजार एवढ्यात मोडू नकोस. माझं मशीन श्रावणात कपाटातच असतं, आमची मंडळी सप्ताहाच्या गडबडीत. या किंवा पुढच्या रविवारी कदंब बसने ये आणि घेऊन जा, आरत्या त्यावरच होऊ देत. चवथीनंतर परत आण, तेव्हा तुला स्वतःलाच कळेल भोकं दोन पुरतात की आठ लागतात. आईने विचारलंय येताना काणकोणच्या मिरच्या आणशील का. आणि सेल तुझे तू आण, माझे तबलजीने टॉर्चला लावलेत.

तुझाच,
पेटीवाला