पावती भरायला दोन मिनिटं, नाकारायला कुठं जायचं?

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

ई-चलानची पावती वाहतूक पोलीस फाडतात, म्हणजे हे पत्र गृह खात्याकडे जायला हवं, हे मला कळतं. पण गाडी कुणाची आणि मालकाचा मोबाईल कोणता, ही नोंद आपल्या खात्याकडे असते. घोळ तिथूनच सुरू होतो.

जिंतूरला माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा आणि मधूनच "माझ्या गाडीवर काही हाय का बघ" म्हणणारे लोक. गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळ्या पावत्या समोर येतात. दंड भरायला दोन मिनिटं पुरतात. त्याबद्दल तक्रार नाही.

मागच्या महिन्यात एक मामा आले. सिग्नल तोडल्याचे ५०० रुपये, ठिकाण एका लांबच्या मोठ्या शहरातला चौक. फोटो उघडला तर पांढरी स्कूटर. मामांची काळी स्प्लेंडर बाहेर उभी होती, सीटवर युरियाचं पोतं. "म्या तं तिकडं कधी गेलोच न्हाई, मग कामून भरू?" मेसेजही त्यांना आला नव्हता. गाडी घेताना शोरूमवाल्या पोराने स्वतःचाच मोबाईल नंबर टाकलेला.

अ‍ॅपवर तक्रार केली. आरसी जोडली, गाडीचा फोटो जोडला. काही दिवसांनी उत्तर आलं: नामंजूर. एवढंच. कारण नाही, पुढं कुणाकडे जायचं तेही नाही. कोर्टात जायचं म्हटलं तर वकील, रात्रभराचा प्रवास आणि दोन दिवसांची मजुरी. ५०० रुपयांसाठी कोण जाईल?

२०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आणला. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवा, प्रकरण मिटेपर्यंत पुरावा जपा, असं त्यात म्हटलं होतं. पण नोटीस दुसऱ्याच्याच मोबाईलवर गेली तर ते १५ दिवस कुणाच्या कामाचे? बनावट नंबर थांबावेत म्हणून दुचाकीमागे ४५० रुपये आणि वर जीएसटी घेऊन नव्या नंबरपाट्या बसवायला लावल्या. मामांनी ती पाटीही बसवलीय.

लोकअदालतीत दंड कमी होईल म्हणून मुद्दाम थांबणारे गिऱ्हाईकही माझ्याकडे येतात. चूक करणाऱ्याला तडजोड आहे, न करणाऱ्याला नुसतं "नामंजूर".

मागणं मोठं नाही. तक्रार फेटाळली तर कारण लिहा, खाली अधिकाऱ्याचं पद लिहा. पावती कुठल्याही शहरातली असो, सुनावणी गाडीमालकाच्या तालुक्याच्या कोर्टात किंवा व्हिडिओवर होऊ द्या. आणि आरटीओच्या नोंदीतला मोबाईल नंबर सुधारायला गावोगावी शिबिरं घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर चलानच्या नावाने एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) येते, ती उघडली की बँक खातं साफ होतं. खरा मेसेज मालकापर्यंत पोचतच नसेल, तर त्याने खरं-खोटं ओळखायचं कसं?

मामांची पावती अजून थकीतच दिसते. सोयाबीन विकलं की भरून टाकतो म्हणाले. मी अजून भरू दिलेली नाही.

आपला,
जिंतूरचा एक सेवा केंद्र चालक