ऑइल कूलर बसला, मंडळी!

अमेरिकेतल्या फिनिक्सच्या जुलैत पारा ४३ अंशांपुढे जातो, म्हणून आमच्या तीनचाकीला (दोन चाकं पुढे, एक मागे; रिक्षा म्हणू नका!) बाहेरून आणलेला ऑइल कूलर (इंजिनाचं तेल थंड करणारा छोटा रेडिएटर) बसवायचा घाट घातला. फिल्टरखाली सँडविच प्लेट (इंजिन आणि तेलाच्या फिल्टरच्या मधे बसून तेल कूलरकडे वळवणारी चकती) कसली आणि तिथूनच तेल ठिबकायला लागलं. शेजारचे मेक्सिकन आजोबा न बोलावता टॉर्च घेऊन आले. ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) खाचेबाहेर चिमटली होती, ते त्यांनीच हेरलं. आजोबा, मनापासून आभार. थर्मोस्टॅटवालीच (तेल तापल्यावरच ते कूलरकडे सोडणारी) प्लेट घ्या, नाहीतर हिवाळ्यात तेल तापणारच नाही, असं बजावणाऱ्या दुकानातल्या बाईंचेही. आणि नागपूरच्या मित्रा, कूलरच्या नळ्या तेलाने भरल्यावर तेलाची पातळी खरंच उतरली रे! रात्री दोनला तुला फोन केला, तिकडे दुपार होती म्हणून वाचलो.