म्हशीची चिठ्ठी कुठंय?

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या म्हशीला दगडी, म्हणजे कासेचा आजार झाला. एक सड एकदम कडक, दुधात गुठळ्या, हात लावला की लाथ. गावात गुरांना सुया टोचणारा एक माणूस आहे, त्याला बोलावलं, त्याने दोन इंजेक्शनं दिली, 800 रुपये घेतले न गाडीला किक मारली. औषधाचं नाव काय, दूध किती दिवस घालायचं नाही विचारलं तर म्हणे 'काही व्हत नही भाऊ, घाला डेअरीला'. बाटली उकिरड्यावर टाकून गेलेला, तिचा मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचला तर माणसांचंच अँटिबायोटिक! मी दूध काय घातलं नाही. चांगल्या तीन सडांचं घरी विरजण लावून बघितलं तर सकाळी दही लागलेलंच नाही, नुसतं पाणी, म्हणजे औषध दुधात उतरलं असावं. आता दगडीमुळेही असेल, मी काय लॅब नाही.

त्याच आठवड्यात आईला ताप आला तर डॉक्टरने छापील चिठ्ठी दिली, गोळी कोणती, किती दिवस, सगळं. म्हशीची चिठ्ठी कुठंय?

जनावराला कसली चिठ्ठी म्हणणाऱ्यांनी डायक्लोफिनॅकचं आठवावं. माणसांच्या अंगदुखीचं हे औषध स्वस्त पडतं म्हणून गुरांनाही द्यायला लागले, असं ढोर मेलं की गिधाडं ते खायची न किडनी निकामी होऊन मरायची. आधी वाटायचं काहीतरी साथ असेल, 2004 ला संशोधकांनी मेलेल्या गिधाडांच्या किडनीत हेच औषध दाखवलं, 2006 मधे गुरांसाठी बंद झालं, त्याच्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे दुसरं औषध गिधाडांना चालतं हेही तपासलं गेलं. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या, शेवटी 2015 ला सरकारने माणसांचं इंजेक्शनसुद्धा एका डोसाच्या 3 मिलीपुरतंच ठेवलं. एवढी मेहनत घेऊन काढलेलं उत्तर, न आमच्या गावात सुई देणाऱ्याला बाटलीवरचं नाव सांगायचा कंटाळा.

दुसरं म्हणजे लम्पी, गुरांच्या अंगावर गाठी येणारा रोग. 2022 च्या साथीत महाराष्ट्रात ती आधी ऑगस्टमधे आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात निघाली. लस दिली ती शेळ्यांच्या देवीची, ती ठीकच, दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले. पण त्याचवेळी व्हॉट्सॲपवर विड्याची 10 पानं, 10 ग्रॅम मिरी, 10 ग्रॅम मीठ न गूळ वाटून द्यायचा उपाय फिरत होता, आम्हीही दिला, आमची गाय बरी झाली. पण कशाने? लम्पीत पुष्कळ गुरं आपोआपही बरी होतात, मग पानांचं नाव का घ्यायचं? एका गावात निम्म्या गुरांना नेहमीचा उपचार, निम्म्यांना त्याच्यासोबत पानं, न कोण किती दिवसात चारा खायला लागलं ते वहीत लिहिलं असतं तर आज छातीठोक सांगता आलं असतं. आमच्या गावात अशी वही कोणी ठेवली नाही, मीसुद्धा नाही.

म्हणून पशुसंवर्धन खात्याला विनंती, नवीन योजनेचं नंतर बघा, आधी एक पावतीबुक द्या. औषधाचं नाव, डोस, दूध किती दिवस घालायचं नाही, न पंधरा दिवसांनी जनावर कसं आहे, चारच रकाने. सुई टोचणारा सही करणार, एक कॉपी मालकाला, एक दवाखान्यात. न ज्याला सही करता येत नाही त्याने सुईच धरू नये.

– एक दूध उत्पादक, चोपडा तालुका