विकिपीडियाची कार्यशाळा ग्रंथालयात न्या : मराठी भाषामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय : मराठी विकिपीडिया शिकणाऱ्यांसाठी तालुका ग्रंथालयांत दरमहा बैठक सुरू करण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

मी सातारा जिल्ह्यात राहते आणि गेली नऊ वर्षे मराठी विकिपीडियावर लिहिते. पगार नाही, मानधन नाही आणि त्याची अपेक्षाही नाही. नव्या लोकांना संपादन शिकवायलाही मी जाते. त्या अनुभवातून एक मागणी मनात पक्की झाली आहे, ती आपल्यापुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मराठी भाषा पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की विकिपीडियाच्या कार्यशाळांची बोलावणी येऊ लागतात. हेतू चांगलाच असतो. अशाच एका कार्यशाळेसाठी मी एका महाविद्यालयाच्या संगणक कक्षात गेले होते. साठ विद्यार्थी, दीपप्रज्वलन, दोन भाषणे आणि हातात उरलेला दीड तास. विकिपीडियावर एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. ती मर्यादा आधी विनंती करून शिथिल करून घ्यावी लागते, पण आयोजकांना ते कोणी सांगितले नव्हते. सातव्या मुलीच्या पडद्यावर नकाराचा संदेश आला आणि पुढचा अर्धा तास सगळे मोबाइलच्या इंटरनेटवरून खाती उघडत बसले. शेवटच्या वीस मिनिटांत प्रत्येकाने कुठून तरी एक परिच्छेद उचलून चिकटवला. प्रमाणपत्रे वाटली, छायाचित्र निघाले.

तीन महिन्यांनी मी त्या सगळ्यांची योगदाने उघडून पाहिली. त्या दिवसानंतर एकाचेही संपादन नव्हते. चिकटवलेला बहुतेक मजकूर प्रचालकांनी, म्हणजे पाने काढून टाकण्याचे अधिकार असलेल्या स्वयंसेवकांनी, प्रताधिकारभंगाच्या (कॉपीराइटभंगाच्या) कारणावरून काढून टाकला होता, आणि ते योग्यच होते. मराठी विकिपीडियावर प्रचालक अगदी मोजके आहेत. त्यांचे कित्येक तास अशी साफसफाई करण्यात जातात. दोष त्या मुलांचा नाही. विश्वकोशात वाक्य कशाच्या आधारावर लिहायचे, हे त्यांना कोणी दाखवलेच नव्हते. दाखवायचे म्हटले तरी त्या खोलीत संगणक होते, पुस्तक एकही नव्हते.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही जागा बदलली. एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात, वाचनकक्षातल्या लांब टेबलाभोवती रविवारी सकाळी बावीस जण जमले. लॅपटॉप अकरा, म्हणजे दोघांत एक. निवृत्त शिक्षक होते, एक परिचारिका होती, दोन शेतकरी होते, महाविद्यालयातल्या मुली होत्या. खात्यांची परवानगी आधीच घेतली होती. पहिला तास कोणी लेखाला हातच लावला नाही, सगळे धूळपाटीवर होते. नवशिक्याला मनसोक्त चुका करता याव्यात म्हणून विकिपीडियावर जे सरावाचे पान असते, त्याला मराठीत धूळपाटी म्हणतात. हा शब्द ज्याने निवडला त्याचे मला फार कौतुक वाटते. इतर सगळे मला समजावून सांगावे लागले, पण या शब्दावर टेबलाच्या टोकाला बसलेले गुरुजीच खुलले आणि आपले आजोबा धुळीत अक्षरे कशी गिरवत, ते मुलींना सांगू लागले.

मुलींपैकी एकीला कास पठारावरच्या फुलांविषयी लिहायचे होते. तिला सीतेची आसवे, गेंद, टोपली कारवी ही नावे तोंडपाठ होती, कारण ती तिथल्याच एका गावातली. पण तिने वाक्य लिहिले आणि मी विचारले, "याला संदर्भ काय?" ती म्हणाली, "आमच्याकडे असंच म्हणतात." विकिपीडियाला एवढे पुरत नाही. आपल्याला माहीत असणे वेगळे आणि वाचणाऱ्याला पडताळून पाहता येणे वेगळे. ती हिरमुसली. इंटरनेटवर शोधले तर शास्त्रीय नावे आणि इंग्रजी मजकूर भरपूर, मराठी नावाला आधार देणारे धड काही नाही. आमचे बोलणे ग्रंथपाल बाई ऐकत होत्या. त्या उठल्या, मागच्या कपाटाची किल्ली आणली आणि वनस्पतींची मराठी नावे देणारे एक जुने, बांधणी सैल झालेले पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवले. पान सापडले. तिने लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठ क्रमांक असा संदर्भ आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने भरला आणि वाक्य जतन केले. ते वाक्य आजही लेखात आहे.

महोदय, माझी सगळी मागणी त्या कपाटाच्या किल्लीत आहे. मराठीतले मराठी मुलखाविषयीचे ज्ञान मोठ्या प्रमाणावर अजून इंटरनेटवर आलेलेच नाही. ते दिवाळी अंकांत आहे, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांत आहे, गौरवग्रंथांत आहे, स्थानिक लेखकाने पदरमोड करून छापलेल्या गावाच्या इतिहासात आहे. हा ठेवा ग्रंथालयांच्या कपाटांत आहे आणि तो कुठल्या फळीवर आहे हे ग्रंथपालाला माहीत आहे. संगणक कक्षात यातले काहीच नसते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी ग्रंथालये उभी राहिली. आहे ते वापरा, एवढेच मी म्हणते आहे.

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आज लाख लेखांच्या घरात आहे. ऐकायला ही संख्या मोठी वाटते, पण त्यातले कित्येक लेख दोन-तीन ओळींचे आहेत, कित्येकांना एकही संदर्भ नाही. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा आपण सगळे आनंदलो. मराठी ज्ञानकोशांची परंपराही लहान नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी आमच्याच जिल्ह्यात, वाईत बसून मराठी विश्वकोशाची उभारणी केली. या मुलखात शाळकरी मुलाने स्वतःच्या तालुक्याचे नाव शोधावे आणि त्याला दोन ओळी मिळाव्यात, याचे मला वाईट वाटते.

आता गुरुजींविषयी. त्यांना १९४२ नंतरच्या साताऱ्याच्या प्रतिसरकारात काम केलेल्या आपल्या गावच्या एका कार्यकर्त्यावर लिहायचे होते. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या लेखातून त्या कार्यकर्त्याकडे एक लाल दुवा जात होता. लाल दुवा म्हणजे ज्याचा लेख अजून लिहिलेला नाही असे नाव. गुरुजींनी १९८४ साली छापलेल्या एका शासकीय प्रकाशनातली दोन पाने जशीच्या तशी टंकलिखित केली. एका बोटाने, तीन तास. दुसऱ्या दिवशी तो मजकूर काढला गेला. त्यांनी मला फोन केला. आवाज दुखावलेला होता. म्हणाले, "अहो, पुस्तक सरकारचं. सरकार आपलं. मग चोरी कुणाची केली?"

मी त्यांना कायदा सांगितला. प्रताधिकार कायदा, १९५७ प्रमाणे शासकीय प्रकाशनावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. म्हणजे त्यांच्या हातातले पुस्तक मोकळे व्हायला २०४५ उजाडेल. केतकर १९३७ मध्ये गेले म्हणून त्यांचे लेखन आज कोणालाही वापरता येते, पण जनतेच्या पैशातून, जनतेसाठी छापलेले पुस्तक मात्र नाही. कायदा सांगितला खरा, पण गुरुजींच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हते. उत्तर आपल्याकडे आहे. शासन स्वतःच्या प्रकाशनावरचा हक्क ठेवून ते मुक्त परवान्याखाली देऊ शकते, की नाव देऊन कोणीही वापरावे आणि त्यावर केलेले कामही तसेच खुले ठेवावे. शेजारच्या गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये चार खंडांचा कोंकणी विश्वकोश क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशाच परवान्याखाली खुला केला, आणि २०१५ मध्ये कोंकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे उभा राहिला तेव्हा तो आधार हाताशी होता. आपल्या विभागाच्या व त्याच्या संस्थांच्या प्रत्येक प्रकाशनावर, जुन्या आणि नव्या, परवाना कोणता हे एका ओळीत स्पष्ट छापले जावे. शासन निर्णयाने होणारे काम आहे.

गुरुजी तिसऱ्या बैठकीला पुन्हा आले. त्याच पुस्तकाच्या आणि शाळेच्या स्मरणिकेच्या आधारे त्यांनी स्वतःच्या शब्दांत बारा ओळी लिहिल्या. तो दुवा आता निळा आहे. एका दिवसाच्या कार्यशाळेत गुरुजी फोनवरच्या त्या दुखावलेल्या आवाजासकट कायमचे निघून गेले असते. बावीस जणांतले पुढच्या महिन्यात नऊ आले, आता सहा जण नेमाने येतात. आकडा लहान आहे हे मला दिसते. पण ते सहा जण दुसऱ्यांनी लिहिलेले तपासतात, लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर वाद घालतात, चुकीचे साल दुरुस्त करतात.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या लेखातील मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागाने विकिपीडियाच्या संपादकांवर गुन्हा दाखल केला. त्या प्रकरणाच्या गुणदोषांत मी जात नाही. पण तेव्हापासून प्रत्येक नव्या बैठकीत कोणी ना कोणी विचारते, "ताई, आमच्यावर केस होणार नाही ना?" परिचारिका असलेल्या बाईंना घरच्यांनी यायला मनाई केली. महाराजांविषयीचा आदर आमच्याही मनात तितकाच आहे. चुकीचा किंवा एकांगी मजकूर दिसला तर तो बदलण्याची वाट विकिपीडियाच्या आतच आहे : चांगला संदर्भ, चर्चा पान, आणि तो संदर्भ वाचलेली माणसे. अशी माणसे मराठीत वाढली पाहिजेत. शासनाने बैठकीला जागा द्यावी. काय लिहावे हे मात्र शासनाने सांगू नये, आणि प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या स्वयंसेवकाला भीती वाटू नये असा शब्द आपण जाहीरपणे द्यावा.

ग्रंथालये आपल्या खात्यात येत नाहीत, ती उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे आहेत, याची मला कल्पना आहे. म्हणूनच हे पत्र आपल्याला आहे. दोन खात्यांनी एका टेबलाशी बसायला कोणीतरी पहिले पाऊल टाकावे लागते. राज्यात ३५८ तालुके आहेत. सगळीकडे एकदम नको. प्रत्येक जिल्ह्यात एक ग्रंथालय निवडा. तिथे चालू इंटरनेट, दोन-तीन संगणक, जुनी पाने स्कॅन करायला एक यंत्र आणि महिन्यातला एक ठरलेला दिवस द्या. ग्रंथपालाला त्या दिवसाच्या जादा कामाचा मोबदला मिळालाच पाहिजे. आमच्या ग्रंथपाल बाई रविवारची सुट्टी सोडून येतात आणि त्याचे त्यांना काहीही मिळत नाही. प्रमाणपत्रे आणि "इतके लेख तयार झाले" असे उद्दिष्ट मात्र ठेवू नका. उद्दिष्ट आले की उचलून चिकटवणे आले.

शिकवायला माणसे आम्ही देऊ. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, गोवा, अगदी परदेशात राहणारे मराठी संपादकही दूरध्वनीवरून तासन्‌तास मदत करतात, त्यांना फक्त समोर कोणीतरी नेमाने बसलेले हवे असते.

आमची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते एक असते. आपण यावे, किंवा विभागातल्या एखाद्या अधिकाऱ्याला पाठवावे. येताना आपल्या गावाविषयीचे एखादे जुने पुस्तक सोबत आणावे. धूळपाटी उघडून ठेवू.

आपली नम्र,
मराठी विकिपीडियाची एक संपादक
जि. सातारा